टाचणी आणि दोनशे लाकडी पावलं

ती पाळण्यात असल्यापासून मी तिला पाहत होते. तिच्या घरच्यांच्या बुटांच्या दुकानात माझं जाणं-येणं होतं आणि दुकानामागच्या दोन खोल्यांतच त्यांचं घर होतं. पण पाहणं वेगळं आणि लक्षात येणं वेगळं. ती माझ्या लक्षात आली ती सहावीच्या वर्गात, एका गोंधळामुळे.

त्या वर्षी माझा वर्ग शिस्तीसाठी सगळ्या शाळेत नावाजलेला होता. मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही सगळे मोठ्या बाई म्हणत असू, कधीही येऊन दारात उभ्या राहिल्या तरी चाळीस डोकी वह्यांत खुपसलेली दिसायची. मी आत शिरायची तेव्हाही तसंच. मला वाटायचं, हे माझ्या शिकवण्याचं फळ. मग एकदा माझे बूट तळ बदलायला टाकले होते म्हणून मी बहिणीच्या चपला घालून शाळेत गेले. वर्गाच्या दारात पोचते तर आत बाजार भरलेला. एकजण बाकावर उभा राहून माझी नक्कल करत होता, आणि चांगली करत होता, डावा पाय किंचित जपून टाकण्यासकट.

मला पाहून सगळे गप्प झाले. पण माझ्याकडे कुणी बघेना. चाळीस चेहरे दाराजवळच्या दुसऱ्या बाकाकडे वळले होते. तिथे एक काटकुळी, टोकदार हनुवटीची मुलगी बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर कामात कसूर झालेल्या माणसाची खंत होती.

"काय चाललंय हे?" मी विचारलं.

शेवटी तीच उठली. "बाई, चूक माझी नाही. तुम्ही पाय बदलून आलात."

मग एकेक गोष्ट बाहेर आली. टाचणी (हे नाव वर्गानेच ठेवलेलं, आणि ते तिला इतकं शोभलं की हजेरीपटाबाहेर तिचं दुसरं नाव उरलंच नाही) व्हरांड्यातून येणाऱ्या माणसाला पावलांवरून ओळखायची. मोठ्या बाईंची टाच घासते, शिपाईकाकांचा उजवा बूट करकरतो, चित्रकलेचे सर चवड्यांवर चालतात. कुणी जिन्यात असतानाच ती बाकावर दोन बोटं टकटक वाजवायची आणि वर्ग सुधारायचा. माझ्या चपलांनी तिला दगा दिला होता.

"एवढं लक्ष अभ्यासाकडे असतं तर?" मी म्हटलं.

"अभ्यास चालत येत नाही ना, बाई."

त्यात उद्धटपणा नव्हता. तिने विचार करून उत्तर दिलं होतं. मला हसू आवरण्यासाठी फळ्याकडे वळून उगीचच तारीख पुसून पुन्हा लिहावी लागली.

तिला हे कान कुठून आले ते मला माहीत होतं. त्यांचं दुकान रस्त्यापासून दोन पायऱ्या खाली आहे. पुढच्या भिंतीला एकच रुंद खिडकी, तिची चौकट फुटपाथला टेकलेली, त्यामुळे आत बसलेल्याला रस्त्यावरच्या माणसांचं गुडघ्याच्या वरचं काही दिसत नाही. छताखाली आडव्या दांड्या आहेत आणि दांड्यांना जोडीजोडीने फर्मे टांगलेले आहेत. फर्मा म्हणजे लाकडी पाऊल. गिऱ्हाइकाच्या पायासारखं कोरायचं आणि त्यावर चामडं ताणून बूट शिवायचा. प्रत्येक फर्म्याच्या टाचेवर डागलेला नंबर. माझा नंबर सत्त्याऐंशी.

लहानपणी मी भिंतीवरून पडले, डावा घोटा मोडला, तो नीट जुळला नाही आणि त्या पायाची वाढ मागे राहिली. बाजारातली कुठलीच जोडी माझ्या दोन्ही पायांना एका वेळी होत नाही. एकोणिसाव्या वर्षी वडील मला त्या दोन पायऱ्या उतरून घेऊन गेले. तेव्हा टाचणीचे आजोबा काम करत होते. त्यांनी माझे पाय मांडीवर घेऊन पाहिले, मग मला कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालून यायला लावलं आणि स्वतः खिडकीशी डोळे मिटून बसले. मी परत आले तर म्हणाले, "पोरी, तू डाव्या पायाला फार जपतेस. त्याला जरा काम दे." त्यांच्या बुटांनी माझं लंगडणं जवळजवळ पुसून टाकलं. शिक्षकाची नोकरी उभ्याने करायची असते. ती मी पस्तीस वर्षं केली, त्या घराच्या हातच्या बुटांवर. हे आधी सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून कुणाला त्या घराविषयी तक्रार वाटू नये.

आजोबांचा एक नियम होता. फर्मा एकदाच करायचा, मन लावून, हवा तेवढा वेळ घेऊन, आणि एकदा झाला की त्याला पुन्हा लोखंड, म्हणजे रंधा-कानस, लावायचं नाही. त्यांच्या पश्चात टाचणीच्या वडिलांनी, ज्यांना सगळा मोहल्ला बूटवाले म्हणतो, तो नियम तसाच पाळला. नवी जोडी करताना पाय पुन्हा बघायची पद्धतच नव्हती. आपण नंबर सांगायचा, चामडं निवडायचं, तीन आठवड्यांनी यायचं. बूट पायात चढला की बूटवाले मान वर करून विचारायचे, "बसतोय ना?" आणि आपण म्हणायचं, "बसतोय." चाळीस वर्षांत एक तक्रार नाही, असं ते अभिमानाने सांगायचे, आणि ते खरं होतं.

पाय मात्र एकाच मापावर थांबत नाही. वय होतं तसा तो पसरतो, कमान खाली येते, अंगठ्याशी हाड वाढतं. माझी करंगळी साताठ वर्षांपासून चिमटत होती. मी बोटांमध्ये कापसाचा बोळा घालायचे, शिक्षकांच्या खोलीत टेबलाखाली बूट काढून बसायचे आणि दुकानात जाऊन "बसतोय" म्हणून यायचे. ज्या माणसाच्या वडिलांनी मला चालतं केलं त्याला काय सांगणार?

टाचणी शाळेतून बाहेर पडली ती बूट बनवण्याचं शिक्षण घ्यायला दुसऱ्या शहरात गेली. तीन वर्षांनी परत आली तेव्हा तिच्या हातात एका मोठ्या कारखान्याचं बोलावणं होतं. बूटवाल्यांचे ते कागद सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवून झाले आणि मग तिने जाणार नाही म्हणून सांगितलं.

"का गं?" मी तिला रस्त्यात गाठून विचारलं.

"तिथे पाय नसतात, बाई. आकडे असतात. सात नंबर, आठ नंबर. आठ नंबरचा माणूस चालतो कसा, हे विचारलं तर सगळे माझ्याकडेच बघायला लागले."

तिच्या आईला मात्र हे पटलं नव्हतं. "तीन वर्षं शिकली," ती मला म्हणाली, "आणि त्याच दोन पायऱ्या उतरून परत आली. निदान चढायचं तरी शिकवायचं होतं त्यांनी."

टाचणी रिकाम्या हातानेही आली नव्हती. तिने एक काचेची पेटी आणली. तिच्यावर अनवाणी उभं राहिलं की शेजारच्या पडद्यावर तळपायाचं चित्र उमटतं, आणि जिथे भार जास्त तिथे तांबडं दिसतं. बूटवाल्यांनी ते चित्र पहिल्यांदा पाहिलं आणि म्हणाले, "हा पाय आहे की हवामान खात्याचा नकाशा? पाऊस कुठे पडणार तेवढं सांग."

"करंगळीवर, बाबा," टाचणी म्हणाली. "मुसळधार."

दुकानाची न बोलता वाटणी झाली. खिडकीशी बूटवाले, दाराजवळच्या कोपऱ्यात पेटी आणि टाचणी. तिच्याकडे तिच्या वयाची मंडळी यायला लागली. धावणारी मुलं, दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या नर्स, एक नाच शिकवणारी मुलगी. ही मंडळी बूट पायात घालायच्या आत बोलायला लागायची. इथे टोचतंय, ताई. इथे सैल आहे. हे नाही आवडलं, बदलून द्या. बूटवाले तिकडे पाठ करून बसायचे आणि ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "हल्लीच्या पोरांना बूट दुकानातल्या फळीवरूनच चावतो."

नव्या गिऱ्हाइकांचे फर्मे टाचणीने कसेही करावेत, त्यांची हरकत नव्हती. पण वरच्या दांड्यांवरच्या, आजोबांच्या हातच्या त्या शंभर जोड्यांना, त्या दोनशे लाकडी पावलांना, हात लावायचा नाही. टाचणीला त्या सगळ्या गिऱ्हाइकांचे पाय पुन्हा मोजून नवे फर्मे करायचे होते. एकदा तिने तसं स्पष्ट म्हटलं. बूटवाल्यांनी हातातलं काम खाली ठेवलं आणि म्हणाले, "ज्या दिवशी वडिलांचा एकही फर्मा ह्या दांडीवरून अडगळीत जाईल, त्या दिवशी चामडं टोचायची माझी आरी पण जाईल. मग तूच बस इथे नकाशे काढत." ते चिडून बोलले असते तर तिने वाद घातला असता. ते शांतपणे बोलले, म्हणून ती गप्प बसली. असं वर्षभर चाललं.

मग टपालकाकांचं झालं. हे आमच्या भागात तीस वर्षं पत्रं वाटणारे गृहस्थ, दुकानाचे जुने गिऱ्हाईक. निवृत्त झाले तरी रोज सकाळी जुन्या वाटेने फेरी मारायचे, सवय म्हणून. त्यांना साखरेचा आजार होता आणि त्यामुळे पायांतली जाणीव गेली होती. त्यांच्या उजव्या करंगळीला जखम झाली, ती पायमोज्याला रक्त लागेपर्यंत त्यांना कळलीही नाही. डॉक्टरांनी जखम पाहिली, बूट पाहिला आणि म्हणाले, की बूट अरुंद आहे, ह्या बुटात पाय पुन्हा गेला तर बोट काढावं लागेल, आणि अशा माणसाचं बोटावर थांबेलच असं नाही.

टपालकाकांनी ते दुकानात येऊन सांगितलं, तेही माफी मागितल्यासारखं. "तुमचा बूट उत्तमच आहे हो. मला तर काही दुखत नव्हतं."

"बघ," बूटवाले टाचणीला म्हणाले. "काही दुखत नव्हतं म्हणतायत. जखम काय, कशानेही होते."

त्या रविवारी दुपारी टाचणी माझ्या घरी आली. खुर्चीत टेकली आणि सरळ मुद्द्यावर आली.

"बाई, तुमच्या बुटात कापूस किती वर्षं घालताय?"

मी म्हटलं, "तुला कोण म्हणालं?"

"तुम्हीच. कॉलेजात जाण्याच्या आधी तुमचं पाऊल मला पाठ होतं. परत आले तर बदललेलं. करंगळीवर भार येऊ नये म्हणून तुम्ही आतल्या कडेवर चालता. आता गुडघा पण दुखत असेल."

गुडघा दुखत होता. मी चहा करायला उठले, तेवढाच वेळ मिळाला.

ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "टपालकाकांना नवा फर्मा करायला मला दोन दिवस पुरतील. बाबांना न सांगता केला तर त्यांना कळायचंही नाही, नंबर तोच डागायचा. पण चोरून केला तर बूट होईल, दुकान नाही होणार. उद्या त्यांना कळलं की त्यांना वाटेल, पोरीने मला वेड्यात काढलं. आणि उघड केला तर ते उठून जातील. ते नुसतं म्हणत नाहीत, बाई, खरंच जातील."

"मग मी काय करू? मी समजावू का त्यांना?"

"समजावू नका. सगळे समजावतात. तुम्ही फक्त या, पाय दाखवा, आणि ते विचारतील तेव्हा खरं सांगा. टपालकाकांना दुखत नाही म्हणून ते सांगू शकत नाहीत. तुम्हाला तर दुखतंय ना?"

ती गेली. उत्तर चुकलं तरी चालेल पण मुलांनी खरं सांगावं, हे मी आयुष्यभर वर्गात सांगितलं, आणि वर्षातून दोनदा त्या दुकानात जाऊन खोटं बोलले. चांगुलपणाने बोलले, म्हणून ते खोटं आहे हेच माझ्या ध्यानात येत नव्हतं. तरीही मला जायला चार दिवस लागले.

गेले तेव्हा तिघेही दुकानात होते. बूटवाले दोऱ्याला मेण लावत होते, त्यांची बायको एका जोडीत नाड्या ओवत होती, टाचणी कोपऱ्यात.

"या बाई. तळ झिजले वाटतं?"

"नाही. पाय दाखवायचाय."

"त्या नकाशाला?"

"तुम्हाला दोघांनाही."

मी पेटीवर उभी राहिले. डाव्या पायाच्या आतल्या कडेला आणि अंगठ्याच्या हाडाशी पडदा तांबडालाल झाला. बूटवाले थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "यंत्र आहे. चुकतं." मग उठले, कोऱ्या कागदाचा ताव जमिनीवर पसरला, माझा पाय त्यावर ठेवला आणि कानावरची पेन्सिल काढून स्वतःच्या हाताने पायाभोवती रेघ ओढली. दांडीवरून सत्त्याऐंशी नंबर काढला आणि त्या रेघेच्या आत ठेवला.

लाकूड सगळीकडून आत राहिलं. करंगळीच्या बाजूला तर मधे माझी तर्जनी आडवी मावली असती.

ते उकिडवेच होते. मान वर न करता म्हणाले, "मी विचारलं होतं तुम्हाला. दर वेळी."

"हो."

"तुम्ही बसतोय म्हणालात."

"खोटं बोलले."

"किती वर्षं?"

"आठ असतील."

"आठ वर्षं," ते म्हणाले. "शिक्षिका आहात तुम्ही."

तेवढ्यात नाडी ओवता ओवता त्यांची बायको म्हणाली, "त्या एकट्या नाहीत. बेकरीवाले इथून निघाले की कोपऱ्यावर वळून नाड्या सैल करतात. खिडकीतून दिसतं."

"तू बघतेस आणि मला सांगत नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत? विचारता ते पण उत्तर आत भरून विचारता. बसतोय ना. आता कोण नाही म्हणणार?"

बूटवाल्यांनी मेणाचा गोळा फडक्यात गुंडाळला, फडकं खणात ठेवलं आणि दोन पायऱ्या चढून रस्त्यावर निघून गेले. आम्ही तिघी खिडकीतून त्यांचे बूट टपालपेटीच्या दिशेने जाताना बघत होतो. ह्याच घटकेला टाचणी वर्षभर भीत आली होती, आणि ती घटका मी आणली होती.

"मी यायला नको होतं," मी म्हटलं.

"थांबा," ती म्हणाली. तिने डोळे मिटले होते. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग म्हणाली, "येतायत. चिडलेले नाहीत. चिडले की टाचा आपटतात."

बूटवाले आत आले, कुणाकडेही न बघता जागेवर बसले. सत्त्याऐंशी नंबर मांडीवर घेतला. खणातून पातळ चामड्याचे तुकडे काढले, रापीने त्यांच्या कडा सोलून कागदासारख्या केल्या, सोल्युशन लावलं आणि एक तुकडा फर्म्याच्या करंगळीवर चिकटवला. त्यावर दुसरा. अंगठ्याने दाबत म्हणाले, "लोखंड लावायचं नाही म्हणाले होते वडील. चामड्याबद्दल काही बोलले नव्हते."

टाचणीने पडदा त्यांच्याकडे वळवला. "इथे अजून एक थर, बाबा. आणि हाडापाशी थोडा कमी."

"मला दिसतंय."

"दिसत नाहीये. चष्मा खिशात आहे."

त्यांनी चष्मा लावला. मग बराच वेळ दोघांची डोकी त्या लाकडी पावलावर एकमेकांना लागतील इतकी जवळ होती, आणि बोलणं चाललं होतं ते एवढंच: इथे, नाही इथे, अजून, बास. मी अनवाणी उभीच होते. त्यांच्या बायकोने मला खुर्ची सरकवली आणि हळूच म्हणाली, "बसा बाई. ह्यांचं आता जेवायच्या वेळेपर्यंत चालेल."

नंतर टाचणी मला म्हणाली, "बाई, मी तीन वर्षं शिकले आणि मला हे सुचलं नाही. फर्मा बसत नसेल तर नवा करा, एवढंच शिकले होते. जुन्याला वाढवता येतं, हे डोक्यातच आलं नाही." हे सांगताना तिला कमीपणा वाटत नव्हता. उलट एखादी वस्तू सापडल्यासारखी ती खूश होती.

माझ्या बुटांच्या आधी टपालकाकांचे झाले. तीन आठवड्यांचं काम बापलेकीने नऊ दिवसांत उरकलं. आतून मऊ अस्तर, करंगळीपाशी शिवण नाही, चवड्याकडे रुंद. बूटवाले स्वतः ते घेऊन त्यांच्या घरी गेले, टाचणीबरोबर. बूट चढवून झाल्यावर सवयीने त्यांच्या तोंडून "बसतो" इतकं निघालं आणि ते थांबले. पायात जाणीवच नाही त्या माणसाला काय विचारायचं? त्यांनी बुटात बोट घालून सगळीकडून चाचपून पाहिलं. टाचणी म्हणाली, "काका, तुमच्यावर आमचा विश्वास नाही. दर पंधरा दिवसांनी मी येऊन पाय बघणार."

"तीस वर्षं मी तुमच्या दारात आलो," टपालकाका म्हणाले. "आता तू ये."

जखम भरायला तीन महिने लागले. बोट राहिलं. काका आजही सकाळी फेरीला दिसतात, पूर्वीपेक्षा सावकाश.

सगळंच जुळून आलं असं नाही. काही पाय वयाने पसरत नाहीत, सुकतात. त्यांचा फर्मा कमी करावा लागतो, म्हणजे लोखंड आलंच. तिथे बूटवाले आजही हात लावत नाहीत. अशा गिऱ्हाइकांसाठी टाचणी नवे फर्मे करते आणि ते दाराजवळच्या वेगळ्या दांडीवर टांगते. जुने आपल्या जागी असतात, कुणाच्या उपयोगाचे नसले तरी. त्या नव्या दांडीखालून बूटवाले मान खाली घालून जातात. दांडी जरा खाली बांधली गेली आहे, हेही खरं.

पण एक गोष्ट बदलली. बूट चढवला की ते आता विचारतात, "कुठे चावतोय?" जुन्या गिऱ्हाइकांची ह्याने पार पंचाईत झाली. बेकरीवाले पहिल्यांदा म्हणाले, "छे छे, कुठेच नाही," तर बूटवाले म्हणाले, "मग कोपऱ्यावर जाऊन या, आणि परत सांगा." एकेक करून सगळ्यांना कबूल करावं लागलं. ग्रंथालयातल्या बाईंनी तर यादीच दिली. त्या वर्षी त्या दुकानात इतका खरेपणा झाला की तेवढा माझ्या वर्गातही कधी झाला नसेल.

मी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. रोज संध्याकाळी नदीपर्यंत जाऊन येते, गुडघ्याची कुरकुर नाही. चालताना पायांची आठवण होत नाही, आणि माझ्यासारखीला ह्याहून मोठं सुख सांगता येत नाही. ते मला तीन पिढ्यांनी दिलं. आजोबांनी पाऊल कोरलं, बूटवाल्यांनी ते जपलं, आणि टाचणीने मला दुखतंय असं म्हणायला लावलं. तिच्याजवळ यंत्र होतं, शिक्षण होतं, बरोबरही तीच होती. बाजूला होऊन वेगळं दुकान काढलं असतं तर चाललंही असतं तिचं. तिने बापाला हरवायचं टाळलं आणि त्याच्या गिऱ्हाइकांना बोलतं केलं. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांमध्ये पुष्कळ हुशार निघाली. त्यांचा मला अभिमान वाटतो. टाचणीचे मात्र मी आभार मानते.

टाचणी आता चौतीस वर्षांची आहे. दर मंगळवारी सकाळी ती सरकारी दवाखान्यात साखरेच्या रुग्णांचे पाय तपासायला बसते, आणि त्या दिवशी दुकान तिचे वडील उघडतात.